बंद काचांमागचा आवाज

“मी आईला घेऊन कायमची निघून जाऊ का?”

ओट्याशी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहत वर्षालीने हे शब्द उच्चारले. किती दिवस मनातल्या मनात घोळवलेला प्रश्न अखेर ओठांबाहेर पडला होता! आता तो वळेल, हातातला पेला आपटेल, रागावेल, निदान ‘का गं’ एवढं तरी विचारेल…

ज्ञानेशने पेला विसळून पालथा घातला, वळून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी सहज, हसऱ्या चेहऱ्याने तो म्हणाला, “हो, चालेल की.”

मग त्याने टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि तो जिना उतरून गेलासुद्धा.

वर्षाली जागच्या जागी थिजली. इतक्या वर्षांचा संसार, आणि ‘चालेल की’! संशयाचा जो काटा गेले काही महिने तिच्या उरात सलत होता, तो आज आरपार गेला. म्हणजे खरंच होतं तर सगळं… खरंच कुणीतरी होती!

चाकणच्या एका कारखान्यात, पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ज्ञानेश सुपरवायझर होता, तर वर्षाली आकुर्डीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. त्याची पहिली शिफ्ट दुपारी सुटायची आणि तिला घरी यायला दिवेलागण व्हायची. मधल्या वेळात रावेतच्या त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो आणि तिची आई गोजाबाई, दोघंच असायची. अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा “आई आपल्याकडेच राहतील,” असं ज्ञानेशच आपणहून म्हणाला होता. त्या क्षणी वर्षालीला तो देवमाणूस वाटला होता! पण माणूस बदलतो, हे तिला नंतर कळू लागलं.

आधी त्याचं बोलणं कमी झालं. ती स्वयंपाकघरातून काही विचारायची, तो उत्तरच द्यायचा नाही. रात्री कुशीवर वळून ती हळूच मनातलं काही सांगू लागली, की तो “हं, हं” करून झोपी जायचा. फोन आला की घाईने बाहेर जायचा, नाहीतर कापूनच टाकायचा. आणि मग ती नवी गाडी आली…

एकदा डोकं दुखतंय म्हणून ती कॉलेजातून लवकर परतली, तर खाली पार्किंगमध्ये गाडी उभी, काचा बंद, आणि आत ज्ञानेश डोळे मिटून बसलेला. काचेआडून एका बाईच्या गाण्याचा दबका आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज कोवळा, लाडिक होता. तिने काचेवर टकटक केली. पहिल्यांदा तर त्याला पत्ताच नाही! मग एकदम दचकून त्याने कसलीशी वायर ओढली आणि हातातली छोटी डबी खिशात कोंबली.

“काय ऐकत होता?”

“काही नाही गं… असंच, जुनं काहीतरी.”

ती डबी म्हणजे त्याचा जुनाट एमपीथ्री प्लेअर होता, हे तिने ओळखलं. मोबाईलच्या जमान्यात हा माणूस असलं अडगळीतलं यंत्र कशाला उकरून काढतो? पुढे गाडीत तिला एक रिकामं खोकं सापडलं, त्यावर आकुर्डीच्या एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचा शिक्का होता. दुसऱ्याच दिवशी ती त्या दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकानदार अझहर मोकळ्या स्वभावाचा माणूस. “हां भाभी, साहेब आले होते ना! नव्या गाडीत जुना प्लेअर लागत नाही, वायर घालायला भोकच नसतं. म्हणून मी त्यांना हे ट्रान्समीटर दिलं. हे सिगारेट लायटरच्या जागी बसवायचं, प्लेअरची वायर याला लावायची. हे रेडिओच्या लहरी सोडतं, आणि गाडीचा रेडिओ त्या पकडतो. मी म्हटलं साहेब, गाणी मोबाईलमध्ये भरून घ्या, ब्लूटूथवर झकास वाजतील. तर म्हणाले, नको, मोबाईल घरात सगळ्यांच्या हातात असतो.”

सगळ्यांच्या, म्हणजे कुणाच्या? घरात त्याचा मोबाईल हाताळणारं होतं कोण तिच्याशिवाय!

आणि आज गुरुवार, कारखान्याची सुट्टी. सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तिने मुद्दाम रजा टाकली होती… तो असा लागला!

डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत तिने बॅग ओढली आणि हाताला येतील त्या साड्या आत कोंबायला सुरुवात केली. नारायणगावला भाऊ होता, दोन खोल्यांत का होईना, त्याने आसरा दिला असता.

“आई, ऊठ. आपल्याला दादाकडे जायचंय.”

गोजाबाईने उशीवरून मान वळवली. “आत्ता?”

“आत्ताच! या घरात आता क्षणभरही राहायचं नाही मला!”

म्हातारी तिच्याकडे टक लावून पाहत राहिली. मग उशाजवळच्या छोट्या रेडिओकडे डावा हात करून म्हणाली, “आधी ह्यो लाव. माझं गाणं लागायची येळ झाली. त्ये ऐकते, मग न्हे कुटं न्ह्यायचं तितं.”

“आई, गाणी कसली सुचतात तुला! इथे माझा संसार…”

“लाव म्हन्ते न्हवं!”

वर्षालीने संतापाने बटण फिरवलं. कुठल्याशा सराफाची जाहिरात चालू होती. अचानक ती खरखरली, तुटली, आणि जाहिरातीला बाजूला सारून एक बाई ओवी गाऊ लागली…

वर्षालीचा हात हवेतच राहिला. हाच! बंद काचेआडून ऐकलेला हाच तो आवाज! पण तो इथे, आईच्या उशाशी? तिने खिडकीतून खाली पाहिलं. बरोबर खिडकीखाली गाडी उभी होती. अझहरचं बोलणं तिला आठवलं… गाडीतून सुटलेल्या लहरी वरचा रेडिओही पकडत होता!

म्हणजे आईला ठाऊक होतं? रोज ऐकत होती ही, आणि लेकीला एका शब्दाने बोलली नाही? संशयाचा नाग आता जन्मदात्रीकडेही फणा काढून वळला. तेवढ्यात गाण्यामागे कुकरची शिट्टी झाली, आणि गाणारी बाई मध्येच थांबून म्हणाली, “अहो, शिट्ट्या मोजताय ना? की माझ्याकडेच बघत बसलाय?”

त्यावर एक पुरुष खळखळून हसला.

वर्षालीला सगळं आठवलं. चिखलीतली ती भाड्याची एकच खोली… लग्नानंतरचं पहिलं वर्ष… भाकऱ्या थापता थापता गाणारी नवी नवरी, आणि तिचं गाणं रेकॉर्ड करायला फळीवर कधी गुपचूप ठेवून दिलेला तो प्लेअर! इतके दिवस जिला ती मनोमन शिव्याशाप देत होती, ती सवत दुसरीतिसरी कुणी नव्हती… ती स्वतःच होती!

“आई…” ती पलंगाच्या कडेवर बसली. “हे… हे माझं गाणं ते असं चोरून का ऐकतात गं?”

गोजाबाईचे डोळे भरून आले. “त्यांनी मला गळ्याची आण घातलीया… पर आता घर मोडाया लागलं, आता आण कसली पाळू! वर्षे, त्यांला ऐकू येईना झालंय गं. त्या ठोक्यांनी कान गेलं. माझ्या व्यायामाला दवाखान्यात न्हेलं व्हतं, तवा कानाच्या डाक्टरांकडं बी गेलं. डाक्टर म्हनला, ते काम सोडा, न्हाईतर उरलंसुरलं बी जाईल.”

“मग सोडलं का नाही?”

“साहेबांनी दुसरी जागा दिली व्हती, शांततेची. पर ती परराज्यात, लांबच्या कारखान्यात. तवा मी उठून बसत बी नव्हते. त्यांनी सायबाला सांगितलं, आमच्या आईला न्ह्याता येत न्हाई. कानाचं मातर सांगितलंच न्हाई.”

‘आमच्या आईला’… त्या दोन शब्दांनी वर्षालीच्या मनातलं सारं जहर एका क्षणात उतरलं. तिने चपलाही घातल्या नाहीत. जिन्यावरून ती धावतच सुटली.

गाडीचं दार उघडताच आतला आवाज अंगावर धावून आला, काचा थरथराव्यात इतका मोठा! आणि एवढ्या आवाजातही ज्ञानेश पुढे झुकून, कान स्पीकरकडे लावून, हरवत चाललेलं काहीतरी गोळा करत असल्यासारखा बसला होता. तिला पाहताच त्याचा हात वायरीकडे झेपावला. तिने तो वरच्यावर धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. त्याची नजर तिच्या ओठांवर खिळली. आज पहिल्यांदाच तिला ती नजर कळली! “मघाशी मी काय विचारलं होतं तुम्हाला? सांगा!”

तो गोंधळला. “आईंना घेऊन… बागेत जाऊ का, असंच काहीतरी ना?”

वर्षालीने हंबरडाच फोडला. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती किती तरी वेळ रडत राहिली, आणि तो बिचारा पुन्हापुन्हा विचारत राहिला, “अगं काय झालं? आई बऱ्या आहेत ना?”

अखेर चेहरा वर करून, एकेक शब्द त्याला दिसेल असा सावकाश उच्चारत ती म्हणाली, “मी तुमच्यावर संशय घेतला… दुसरी कुणी आहे असं वाटलं मला. मी चालले होते तुम्हाला सोडून!”

ज्ञानेशचा चेहरा पांढराफटक पडला. मग हळूहळू त्या चेहऱ्यावर एक केविलवाणं हसू आलं. “डॉक्टरांनी कानात इअरफोन घालायला मनाई केली गं. घरात एवढा आवाज लावला असता, तर तुला कळलं असतं. आणि कळलं असतं, तर तू आईंना उचलून दादाकडे नेलं असतंस, जन्मभर स्वतःला दोष देत बसली असतीस. मला वाटलं, जोवर येतंय ऐकू, तोवर एवढं एक गाणं साठवून घ्यावं…”

“आणि माझ्याशी बोलावंसं नाही वाटलं? मी जिवंत होते ना घरात!”

त्याने मान खाली घातली. त्यागाच्या भरात आपण हिला किती एकटं पाडलं, हे त्याला बहुधा तेव्हाच उमगलं.

“उद्या मी येणार तुमच्याबरोबर,” तिने त्याची हनुवटी वर उचलली. “साहेबांना कानाचं सगळं खरं सांगायचं, इथलीच एखादी शांत जागा मागायची. सुपरवायझरकी गेली तर गेली.”

शुक्रवारी सकाळी चाकणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगांमधून वाट काढत वर्षालीनेच गाडी चालवली. तो गेटमधून आत गेला आणि ती बाहेर थांबली. पुन्हा मनात नाना शंका… साहेबांनी हाकललं तर? हा पुन्हा काही लपवून, ‘सगळं ठीक’ म्हणत हसत आला तर? दुपार कलली, शिफ्ट सुटली. माणसांचा लोंढा बाहेर पडू लागला, आणि त्या गर्दीत एकदाचा तो दिसला.

घरात नवऱ्यासमोरही कधी चढ्या आवाजात न बोललेली ती बाई गाडीतून उतरली आणि रस्त्यापलीकडून, वॉचमन, कामगार, चहावाले सगळ्यांच्या देखत जिवाच्या आकांताने ओरडली, “अहो! काय म्हणाले साहेब?”

लोक वळून वळून बघायला लागले. गर्दीतून ज्ञानेशने दोन्ही हात उंचावले आणि तोही गळा फाटेल असा ओरडला, “स्टोअर! सोमवारपासून इथल्याच स्टोअरला, शांत जागी जायचंय! हुद्दा गेला गं, वर्षाली!”

“जाऊ द्या!” ती ओरडली, आणि रडत, हसत रस्ता ओलांडून त्याच्याकडे धावली.