रत्नाच्या चंद्रोदयाची वेळ

देवापुढे बसल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेत नाही. पूजेच्या हाताने खोटं लिहायचं नसतं, हे मला कळतं. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढे वाचू नये.

गेल्या पितृपंधरवड्यातल्या संकष्टीची ही गोष्ट. जागा, यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं केळीच्या बागेतलं घर.

मी जळगावला राहते. बागेत माझे दीर योगेंद्रभाऊ आणि त्यांची मुलगी साक्षी, दोघंच असतात.

साक्षीची आई, माझी धाकटी जाऊ रत्ना, दोन वर्षांपूर्वी गेली.

त्या घरात रेंज नाही. फोन नुसता घड्याळासारखा पडून असतो. धड रेंज मिळते ती एकाच ठिकाणी...

विहिरीच्या काठावर.

रत्ना संकष्टीचा उपास फार कडक करायची. कॅलेंडरात मुंबईची वेळ असते, आपल्याकडे चंद्र दहा-बारा मिनिटं आधी उगवतो. अर्घ्य आपल्याच वेळेला गेलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. आभाळ भरलेलं असलं की ती विहिरीच्या काठावर जाऊन, हात उंच धरून, फोनमध्ये यावलची वेळ उघडायची.

योगेंद्रभाऊ चिडवायचे, "चंद्र काय तुझा फोन बघून उगवतो का?"

"तो नाही उगवत. पण मला भूक त्याला बघून लागते ना."

दोन वर्षांपूर्वी ती अशीच गेली, पितृपंधरवड्यातल्याच संकष्टीला. पावसाने काठ भिजलेला होता. पाय घसरला.

उपास सुटलाच नाही तिचा.

अविधवा नवमीला तिचं पान वाढायचं होतं, म्हणून मी आधीच गेले होते. साक्षीने आईचा उपास आपल्याकडे घेतलेला. भाऊ केळीची गाडी भरून द्यायला यावलला गेले होते. जाताना तिला बजावून गेले, विहिरीकडे फिरकायचं नाही.

दिवेलागण झाली. लाइट नव्हती. आभाळ गच्च.

नैवेद्य तयार होता, फक्त वेळ माहीत नव्हती. मी तुळशीपाशी फोन घेऊन बसले. रेंजची एक काडी यायची, जायची.

चंद्रोदयाचं पान उघडायला लागलं. गणपतीचं चित्र अर्धं उतरून थांबलं. यावलचं नाव आलं. खाली बारीक अक्षरात तारीख आली. मी चष्मा लावला नव्हता.

वेळेच्या जागी नुसतं गोल फिरत राहिलं...

फिरतच राहिलं.

आणि मग रातकिडे थांबले.

एकदम. सगळे.

त्या शांततेत मला आवाज आला. बांगड्यांचा.

हात उंच केला की काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरतात ना... तसा.

विहिरीच्या बाजूने.

मी घरात हाक मारली. "साक्षी..."

घरात कुणी नव्हतं.

फोन तुळशीच्या कट्ट्यावरच राहिला. मी अनवाणी धावले. केळीच्या ओळींमधून लांब एक उजेड दिसला. साक्षी फोन वर धरून चालली होती. नजर त्या काड्यांवर असावी. जसजशी पुढे जात होती, तसतशा काड्या वाढत असणार.

माझा आवाज मुळात लहान. आरतीलासुद्धा शेजारणीला ऐकू जात नाही. मी जीव तोडून हाका मारल्या. तिने मान वळवली नाही.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, घराकडे...

टिंग.

टिंग. टिंग. टिंग.

दिवसभर अडकलेले माझे सगळे मेसेज एकामागून एक पडायला लागले. ज्या कट्ट्यावर कधीच धड रेंज आली नाही, तिथे.

साक्षी थांबली. वळली.

"मोठी आई, घरी रेंज आली? माझी तर आता एकदम गेली."

मी तिचा हात धरून ओढला. मग तिच्याच फोनचा उजेड पुढे पाडला.

काठ नव्हता.

यंदाच्या पावसात तो खचून आत गेला होता. एक पाऊल, बस.

"कायले गेली व माय तिकडे?" मला तेवढंच बोलता आलं.

ती रडायला लागली. म्हणाली, "तू उपाशी बसली होतीस. म्हटलं, वेळ बघून येते."

तुळशीपाशी आलो तर फोनला पूर्ण रेंज. पान सगळं उघडलेलं. गणपतीचं चित्र पूर्ण. आणि चंद्रोदयाची वेळ...

तीच. घड्याळात त्या क्षणी होती, त्याच मिनिटाची.

आम्ही अर्घ्य दिलं. पळीतून पाणी सोडताना माझ्या उजव्या हाताला, अगदी कानाशी, बांगड्या खाली उतरल्याचा आवाज आला. उंच धरलेला हात कुणीतरी खाली घेतल्यासारखा.

साक्षीच्या हातात बांगड्या नव्हत्या. माझ्या हलल्या नव्हत्या.

रातकिडे पुन्हा सुरू झाले. रेंज गेली. आम्ही दोन घास खाल्ले.

भाऊ आले तेव्हा मी सगळं सांगितलं. फोन दिला. पान तसंच उघडं होतं. त्यांनी खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"वहिनी, ही तारीख पाहिली का तुम्ही?"

मी चष्मा लावला.

दोन वर्षांपूर्वीची संकष्टी होती. रत्ना गेली त्या दिवसाची.

भाऊ म्हणाले, रेंज नसली की फोन कधीकधी जुनं पान दाखवतो.

मी मान डोलावली. पण हा फोन मी त्याच्या चार-पाच महिने आधीच, अक्षय तृतीयेला घेतला होता. जुनं पान त्यात कुठून येणार?

ते बोलत होते तेव्हा बागेवरचं आभाळ फाटलं, आणि आमचा चंद्र आत्ता कुठे वर येत होता.

म्हणजे अर्घ्य तिच्या वेळेला गेलं. उपास तिचा सुटला, आणि माझा मोडला. देवाला मी अजून त्याबद्दल विचारलेलं नाही.

विहिरीवर आता जाळी टाकलीय. इथे जळगावला भरपूर रेंज आहे, पान क्षणात उघडतं. तरी दर संकष्टीला तारीख आधी बघते, बोट ठेवून.

साक्षीला त्या संध्याकाळी माघारी कुणी वळवलं, ते मी समजू शकते.

पण ती मला काल फोनवर म्हणाली, "मोठी आई, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी वेळ बघायला निघाले नव्हते गं. मला वाटलं, विहिरीपाशी तूच हात वर करून उभी आहेस..."