हळद लावलेला तीळ

लताबाईंच्या साखरेने कपभर चहासुद्धा गोड झाला नसता. नाशिकच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत चार वर्षं खपून, साध्या साखरेचे पाच रेणू एकाला एक जोडून त्यांनी ती बनवली होती. जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. कर्करोगाच्या पेशींवर ती टाकून पाहायला मुंबईची एक संस्था तयार होती. अट एकच: चिकट पाक नको, कोरडे स्फटिक हवेत, आणि ते चौऱ्याऐंशीचा जानेवारी सरायच्या आत. साखर मात्र अकरा महिने चंबूत पाक होऊन बसली होती.

"रुसलीय ती," बाटल्या विसळता विसळता सुलाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या कळवणच्या. संक्रांतीचा हलवा करावा तर त्यांनीच. "बी टाका की बाई. तिळाबिगर हलव्याला काटा येतो का?"

लताबाई हसल्या. "इथे बी म्हणजे ह्याच साखरेचा कण लागतो, सुलाबाई. जगात नाही तो आणू कुठून?"

"बघते मी कळवणला," म्हणत सुलाबाईंनी रजेचा अर्ज पुढे केला.

भोगीच्या दुपारी लताबाईंनी चंबूला बूच मारलं, वर लाख ओतली, सहीची चिठ्ठी चिकटवली. भरवसा त्यांना स्वतःचाच नव्हता. तासातासाला काचेची कांडी घालून ढवळायचा मोह होई.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं, तर उन्हात चंबू लखलखत होता. लाख शाबूत, सही शाबूत. आत बोराएवढा पांढरा गोळा, अंगभर काटे.

लताबाई अशा ओरडल्या की शेजारचे फिजिक्सचे सर वाळूची बादली घेऊन धावत आले. त्यांना तिळगूळ मिळाला. वरचे काटे खरवडून लताबाईंनी मुंबईला रवाना केले.

सुलाबाई परतल्या त्या हलव्याचा डबा घेऊनच. "आला ना काटा? पहिला तीळ हळद लावून तुमच्या नावानं परातीत टाकला हुता. तेवढा एकच कुठं गेला कळंना. समदी परात चाळली."

"मुंगीने नेला असेल."

"शेगडीवरच्या तापल्या परातीतनं? लय शिकलेली मुंगी म्हणायची!"

मार्चात पत्र आलं. रोगट पेशींची वाढ थांबली होती, निरोगी पेशींना धक्का नव्हता. आणखी पाठवा. लताबाईंनी सुलाबाईंना मिठीच मारली. त्यात दोन परीक्षानळ्या फुटल्या. काचा कुणी झाडल्यासुद्धा नाहीत.

मग आत बी कसलं होतं ते बघायला लताबाईंनी जपून ठेवलेला गोळा पाण्यात सोडला. दोघी वाकून बघत राहिल्या.

काटे विरघळले. पांढरं विरघळलं.

तळाशी एक तीळ उरला. पिवळा.

सुलाबाईंचं हसू ओठांवरच राहिलं. "बाई... ते समदे तीळ मी आधी भाजून घेतले हुते."

लताबाईंनी भिंग धरलं.

तिळाला केसाएवढा कोंब फुटला होता.