कोपऱ्यातली खाच

दारात माणूस उभा राहिला तेव्हा ओतोसेच्या डाव्या हातात सुरी होती आणि लाकडी पाटीवरच्या सुंदरीचे केस निम्मे कोरून झाले होते. तिनं झटकन सुरी उशीखाली सारली आणि उशीवर बसली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आलेला तरुण म्हणजे रिहेई, नदीपलीकडचा छपाईवाला. तिच्या बापानं, गेन्शिचीनं कोरलेल्या पाट्यांवरून चित्रं तोच छापायचा, पण ओतोसेला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हातात काडीला टोचलेले तांदळाचे गोड गोळे. गेन्शिचीदादांचे आभार मानायला आलोय, म्हणाला. बाबा हमामात अंघोळीला गेलेत, असं तिनं सांगितलं... तर हा पठ्ठ्या खुशाल उंबऱ्याशी टेकला!

खरी गोष्ट अशी, की बापाच्या डोळ्यांवर वर्षभरापासून पडदा आला होता. सारं कोरीवकाम ओतोसे करायची. चित्रांच्या प्रकाशकाला हे कळतं, तर दुसऱ्याच दिवशी काम हातचं गेलं असतं. झाकली मूठ झाकलेलीच बरी होती.

रिहेई मात्र पाटीच्या कोपऱ्यातल्या खाचेबद्दल बोलत सुटला. प्रत्येक रंगाची पाटी वेगळी; दर पाटीच्या त्या खाचेत कागद टेकवला, की प्रत्येक रंग आपापल्या जागी बसतो. पण त्याचा कागद ओलसर, ताणला जायचा. निळा रंग चित्रातल्या बाहीबाहेर केसभर सांडायचा. वर्षभरापासून खाचच केसभर सरकलीये, आणि आता एकही कागद वाया जात नाही.

"माझ्या हातांचा इतका विचार आजवर कुणी केला नव्हता," तो म्हणाला.

दुकानात टांगलेली चित्रं पाहून ओतोसेनंच ते हेरलं होतं आणि खाच सरकवली होती. चित्रावर नाव चित्रकाराचं, प्रकाशकाचं. कोरणाऱ्याला कोण विचारतो? आज कुणीतरी विचारत होतं, आणि तिला खूप बरं वाटत होतं.

"फक्त—" रिहेईनं तिच्या डाव्या बोटांवरच्या घट्ट्यांकडे पाहिलं, "ही खाच डावखुऱ्या सुरीची आहे. गेन्शिचीदादा तर उजव्या हाताचे."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. "कुणाला... सांगणार तुम्ही?"

"ज्या हातांनी माझं नाव राखलं, त्यांच्याच पोटावर पाय देऊ?" तो उठला. दारात थबकला. "त्या हातांसोबत जन्म काढायला मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. उत्तराची घाई नाही... तेवढी सुरी मात्र काढा उशीखालून. बोचत असेल."

ती कानापर्यंत लाल झाली.

आठ दिवसांनी सुंदरीची पाटी त्याच्याकडे गेली. दुसऱ्या सकाळी तीच पाटी काखोटीला मारून तो धापा टाकत हजर. खाचेशेजारी, कागदाबाहेरच्या रिकाम्या लाकडावर तिनं इवलासा शब्द कोरला होता. सवयीप्रमाणे त्यानं शाई लावून तो छापून पाहिला होता.

"उलटा उमटलाय," तो म्हणाला. "तुमच्या हातून अशी चूक? 'हो'च आहे ना हे? की उलटं म्हणजे... नाही?"

ओतोसेला हसू आवरेना.

"वेडे आहात. जगासाठी मी सगळं उलटं कोरते, छापल्यावर सुलटं दिसावं म्हणून. हे छापायचं नव्हतंच. लाकडावर वाचायचं होतं... तुम्ही एकट्यानं."

रिहेईनं पाटी खाली ठेवली आणि वाकून वाचलं: 'हो'. त्यानं तिचा डावा हात हातात घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं.