लाल चोचीची वेल

१९८५च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं हवाईतल्या काउआई बेटावरच्या एका अरुंद दरीत शिरलो, ते एका वेलीच्या बिया आणायला. आपल्या गारंबीसारखीच ही शेंगांच्या कुळातली वेल. तिचं मनगटाएवढं लाकडी खोड झाडाझाडांवरून सरपटत जातं आणि चोचीसारखी लाल फुलं पार उंचावर लोंबतात. रानबकऱ्यांनी आजूबाजूच्या दऱ्यांतल्या वेली संपवल्या होत्या. आमच्या माहितीत ही एकच उरली होती.

माझ्याबरोबर प्रयोगशाळेतले सहकारी दादाराव होते आणि माझा धाकटा दीर शैलेंद्र. तो पार्सिपनी गावात कंप्युटरवर काम करायचा आणि सुट्टीत कडे चढायचा.

"वहिनी, लोक हवाईला बीचवर झोपायला येतात!" कोयत्यानं वाट काढत तो ओरडला.

"तू झोपलास तर आम्हाला उचलून कोण नेणार? चालव हात," दादाराव म्हणाले.

दुपारी कड्यावर वेल दिसली! मी तिच्या खोडाचा माग काढत मागे आले. ते झाडांवरून उतरलं, नेच्यांखालून आडवं गेलं आणि आमच्याच वाटेवर येऊन संपलं. पांढरा, ताजा घाव. त्यातून पाणी ठिबकत होतं.

शैलेंद्रच्या हातातला कोयता खाली आला. "एकही पान नव्हतं त्याला. मला वाटलं, वाळकं लाकूड आहे."

पानं सगळी वर, उजेडात होती. मुळाकडच्या खुंटाला कोंब फुटले असते. पण त्याच्याभोवती बकऱ्यांच्या लेंड्या पसरल्या होत्या. वरची वेल थोड्याच दिवसांत वाळणार होती. उरल्या फक्त शेंगा, त्याही पिकलेल्या असतील तर.

"मी आणतो," शैलेंद्र म्हणाला. आम्ही नको म्हणेपर्यंत त्यानं कंबरेला दोर बांधलासुद्धा.

तो निम्म्यावर पोचला आणि पाऊस कोसळू लागला. कडा धुक्यात बुडाला. आमच्या मागचा ओढा लाल होऊन फुगत चालला. शैलेंद्रनं वरच्या एका झाडाला वळसा देऊन दोर घेतला होता. खाली त्याचं दुसरं टोक दादारावांच्या हातात होतं.

"दोराला हिसके बसतायत. झाड हलतंय," दादाराव हळूच म्हणाले.

वरून माती आली. मग दगड!

"शैलेंद्र, उतर!"

"दोनच हात राहिलेत, वहिनी! मधे कपार आलीय, मला इथून शेंगा दिसत नाहीत. तुम्हाला दिसतात? पिकल्यात का?"

मी दुर्बीण पुसली. डोळ्यांना लावली. पुन्हा पुसली.

"हिरव्या आहेत!" मी ओरडले. "साफ हिरव्या! रुजणार नाहीत. खाली ये!"

मग दोर सैल झाला, ताणला गेला, पुन्हा सैल झाला. तो उतरत होता. त्याचे पाय जमिनीला लागले आणि ते झाड मुळांसकट आमच्या शेजारी येऊन आदळलं! आम्ही पळालो. ओढ्याचं पाणी छातीपर्यंत आलं होतं. एकमेकांचे हात घट्ट धरून आम्ही कसेबसे पलीकडे निघालो.

संध्याकाळी किनाऱ्यावर शैलेंद्र बराच वेळ दरीकडे पाहत बसला.

"हिरव्याच होत्या ना, वहिनी?"

"हिरव्याच."

दादारावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. दरीत ते माझ्या शेजारीच उभे होते. त्या धुक्यात मला शेंगाच काय, कडाही दिसला नव्हता.