अर्धा आटा

भर चौकात गाडी बंद पडली, तेव्हा चष्मेवालीने आधी देवाला, मग मामाला आणि शेवटी स्वतःला बोल लावला. ती नुकती चालवायला शिकलेली, आणि गाडी मामाने अठरा वर्षं वापरलेली. "माझ्या गुडघ्यासारखी आहे, सकाळी जरा वेळ घेते," असं म्हणून मामाने किल्ली तिच्या हातात ठेवली होती. लग्नाच्या वयाची पोरगी घरात भंगार घेऊन आली म्हणून आई त्या दिवसापासून भावाशी धड बोलत नव्हती.

दहा-बारा किका मारून पोटरी भरून आली. वर भुरभुर पाऊस, मागे हॉर्न. एवढ्यात खांद्यावर टायर अडकवून चाललेला एक तरुण थांबला, वाकला, टाकीखालची एक बारीकशी कळ फिरवली आणि म्हणाला, "आता मारा."

गाडी सुरू झाली.

"काय झालं होतं?"

"पेट्रोलचा कॉक बंद होता. गाडी उपाशी होती बिचारी... तुम्ही लाथा मारत होतात."

ती लाजली, आणि हसलीही. त्याच्या गालावर ग्रीसचा काळा पट्टा होता. तिने पर्समधून भिंगं पुसायचं मऊ फडकं काढून पुढे केलं. इतकं स्वच्छ फडकं घाण करायला हात धजत नाही म्हणून त्याने ते परत केलं, आणि गालावरचा पट्टा मनगटाने आणखी पसरवून ठेवला.

चष्म्याच्या दुकानात ती फ्रेममध्ये भिंगं बसवायचं काम करी, म्हणून सगळी गल्ली तिला चष्मेवाली म्हणे. तो मिस्त्री. पुढच्याच वळणावर त्याचं गॅरेज होतं, आणि त्या गॅरेजची एक रीत होती. जुनी गाडी आणणाऱ्याने ती टाकून जायचं नाही. शेजारी बसायचं, बघायचं आणि प्रत्येक काम एकदा तरी स्वतःच्या हाताने करायचं. कंटाळून कितीतरी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. चष्मेवाली मात्र टिकली. चेन किती ढिली ठेवायची, प्लग काळा पडला तर काय समजायचं, चोक कधी ओढायचा, सगळं तिने भराभर उचललं. बारीक स्क्रूंवर तिचा हात आधीच बसलेला होता. मिस्त्री म्हणाला, "तुम्ही असंच शिकत राहिलात, तर माझ्या पोटावर पाय येईल." ती म्हणाली, "मग शिकवायचं कमी करा." त्याने मान खाली घालून पाना उचलला, पण तो चुकीच्या नंबरचा होता.

झालं काय, की गाडी लवकरच ठणठणीत झाली. ठणठणीत गाडी घेऊन गॅरेजमध्ये जायचं तरी कशाला? मग एका शनिवारी चष्मेवालीने वळणाच्या अलीकडे थांबून प्लगची कॅप हातानेच ढिली केली आणि गचके खात गाडी त्याच्या दारात नेली. मिस्त्रीने कॅप दाबून बसवली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्याने नवी कॅप घातली. तिसऱ्यांदा तर त्याने इंजिनाचे सगळे बोल्ट तपासले. चौथ्यांदा अख्खा रविवार घालवला. तो घामाघूम होत होता आणि ती स्टुलावर बसून त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होती. त्या दिवसाइतकी सुखी ती आधी कधी नव्हती, हे तिने पुढे कबूलच केलं.

संध्याकाळी तो म्हणाला, "माझाच हात कुठेतरी कमी पडतोय. कॅप आपोआप निघते म्हणजे काय? उद्या ट्रकपुढे निघाली तर..."

खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं, पण जीभ रेटेना. कॅपला पुन्हा हात लावायचा नाही, एवढं मात्र तिने ठरवलं आणि पाळलं. तीन आठवडे ती फिरकली नाही. नुसतंच, काही कारण नसताना जाऊन बसायचं, हे काही तिला सुचलं नाही. प्रेमात माणसाची अक्कल पेंड खायला जाते म्हणतात, ते खोटं नाही.

चेनला तेल घालायला ती गेली, तेव्हा कुठे मिस्त्रीचा चेहरा उजळला. पण त्यानंतर गाडी दर सिग्नलला थांबली की बंद पडायला लागली. ती जाई, तो पाच मिनिटांत ठीक करी, आठ दिवसांनी पुन्हा रड तीच. आता चष्मेवालीची एक सवय होती. दुकानात स्क्रू घट्ट बसवला की त्यावर आणि फ्रेमवर मिळून ती नेलपॉलिशची बारीक रेघ ओढी. रेघ तुटली, तर स्क्रू हलला. गाडीचं काम शिकताना तिने कार्बोरेटरच्या स्क्रूवरही तशी रेघ ओढली होती. एका सकाळी गाडी भर पुलावर बंद पडली आणि मागचा टेम्पो हातभर अंतरावर करकचून थांबला. कशीबशी कडेला येऊन तिने वाकून पाहिलं. रेघ तुटली होती. आपोआप नव्हे, स्क्रूच्या खाचेत ताजा, चकचकीत ओरखडा होता.

गॅरेजमध्ये तेव्हा तीन गिऱ्हाइकं बसली होती. तिने मागचापुढचा विचार केला नाही.

"हा स्क्रू तुम्ही फिरवलात?"

मिस्त्रीने हात पुसले. "हो. अर्धा आटा. तुम्ही... येत राहाल म्हणून."

"गिऱ्हाईक टिकवायची ही रीत? लोकांच्या जिवाशी खेळून? आत्ता पुलावर टेम्पोखाली गेले असते मी. चोर आहात तुम्ही."

एक गिऱ्हाईक उठलं आणि आपली स्कूटर ढकलत घेऊन गेलं.

राग चांगला दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी, एका बाईंच्या फ्रेमची काडी बसवता बसवता, 'येत राहाल म्हणून' या शब्दांचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला. मग आपण चार वेळा ढिली केलेली कॅप आठवली. चोर म्हणणाऱ्या बाई स्वतः कोण होत्या? आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन महिने गेले. शरमेला निमित्तं फार सापडतात.

एके दिवशी मामा चहा पिता पिता म्हणाला की मिस्त्रीने गॅरेज विकायला काढलंय. परगावच्या बस डेपोत नोकरी धरली, त्याची आई पुढे गेलीसुद्धा. चांगला चालता धंदा का सोडतोस, असं मामाने विचारलं, तर म्हणे एका गाडीचा साधा दोष चार वेळा शोधून सापडला नाही. असा हात लोकांच्या गाड्यांना लावू नये.

चष्मेवालीने कप तसाच ठेवला आणि निघाली.

गॅरेज निम्मं रिकामं झालं होतं. मिस्त्री खोक्यात पाने भरत होता. ती उभ्या उभ्याच बोलली. "कॅप मी ढिली करत होते. चारही वेळा. तुमचा हात कुठेच कमी पडला नव्हता."

तो खोक्यावर बसला. "म्हणजे... दोष नव्हताच?"

"नव्हता. मला यायचं होतं फक्त."

तो मोठ्याने हसला. दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी परवा लग्नाला होकार कळवला. आईने तिकडची मुलगी पाहिली होती."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं. तिने खोक्याबाहेर राहिलेला एक पाना उचलून आत ठेवला.

"कशी आहे?"

"सरळ आहे. पहिल्याच भेटीत म्हणाली, घरदार सोडून इकडे का येताय ते खरं सांगा. मला असं कुणी विचारलंच नव्हतं. मग सगळं सांगितलं. स्क्रूचं, पुलावरचं... तुमचंही. तरी हो म्हणाली."

त्या मुलीचा राग करावा असं चष्मेवालीला फार वाटलं, पण करता येईना. हे सात महिने ती आणि मिस्त्री एका मुक्या यंत्राकडून निरोप पाठवत बसले होते, आणि त्या मुलीने तोंड उघडून विचारलं होतं.

"माझं तुमच्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "शब्द मोडा असं म्हणत नाही. नुसतं सांगतेय."

मिस्त्रीचे डोळे भरून आले. "माझंही," तो म्हणाला. "एवढंसंच बोलायचं होतं की हो."

शब्द मोडणाऱ्यातला तो नव्हता, आणि असता तर ती त्याच्या प्रेमात पडलीच नसती. ती दुकानात परतली.

दुकानात एक आजोबा खोळंबले होते. चष्मा नाकावरून घसरतो म्हणत होते. तिने काड्या गरम करून वाकवल्या, फ्रेम त्यांच्या कानांवर बसवली. आजोबांनी नव्याने नीट दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय ग पोरी, डोळ्यात काही गेलं का?"

"नाही आजोबा," ती म्हणाली, "रडतेय."

आजोबा निघाले होते. ते परत खुर्चीवर बसले.