‘लाव’ म्हणालो होतो

हे विश्वंभरा, जागणाऱ्याचा आणि निजणाऱ्याचा सोबती तू एकच. तुझ्या चरणी मस्तक ठेवून बोलतो. वाणीत उणे-अधिक आले तर पदरात घे.

बाळांनो, जवळ सरकून बसा. ही हकिकत माझ्या साडूंची. पेशाने सुतार, खोटे रचण्याइतकी कल्पनाशक्ती देवाने त्यांना दिलेलीच नाही. गेल्या हिवाळ्यात, अमावास्येच्या आदल्या दिवशी, एका वृद्ध घड्याळजींनी त्यांना बोलावले. जुने घर. माडीवरच्या खिडकीला बाहेरून काच आणि आतून लाकडी झडपा. रात्री त्या मिटून लोखंडी पट्टी आडवी पाडली, की थंडी बाहेर आणि उजेड आत. त्या झडपा काढून न्यायच्या, एवढेच काम.

“काढायच्या कशाला, काका? असलं लाकूड आता बघायला मिळत नाही.”

“मिस्त्री, मत विचारायला बोलावलं नाही तुम्हाला.”

“बरं. वाजले किती म्हणायचे? तुमच्या भिंतीवर जितकी घड्याळं तितक्या वेळा.”

म्हातारा हसला नाही. “ही गेल्यापासून चावी दिली नाही मी.”

बिजागऱ्यांचे स्क्रू गंजून लाकडाशी एकजीव झाले होते. तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यायचे ठरले. बाहेर धुके दाटले, म्हणून घड्याळजींनी साडूंना ठेवून घेतले. झडपा सताड उघड्या होत्या. साडू अंथरुणावर पडले. डोळा लागतो न लागतो तोच...

खट्.

झडपा मिटलेल्या. पट्टी पडलेली.

“वारा असेल,” साडू म्हणाले.

“आतून?” घड्याळजी खुर्चीत जागेच होते. “रोज मी उघडतो. रोज ती लावते.”

मग त्यांनी सांगितले, तुटक तुटक. एकुलता मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता. एके दिवशी दूधवाल्याबरोबर त्याने आईला निरोप धाडला. बाबांचा राग गेला असेल, तर रात्री खिडकीत उजेड ठेव. अंधार दिसला, तर मी वर येणार नाही.

“निरोप तिनं मला सांगितला होता. संध्याकाळी तिनं मागून विचारलं, ‘लावू का?’ माझं डोकं घड्याळात. मान वर न करता म्हणालो, ‘लाव.’ मी दिव्याचं म्हणालो, मिस्त्री. तिचा हात झडपेवर होता... मी बघितलंच नाही. जेवायला उठलो, तेव्हा कळलं. तोवर पोरगा खालून परत फिरला होता. धुक्यात पुलावरून पाय घसरला, तो गेलाच, म्हणतात.”

“काकूंना सांगितलं नाहीत?”

“कितीदा तोंडाशी आलं. वाटायचं, म्हणेल, आता सबबी सांगताय. मी मुद्दाम पोराला बाहेर ठेवलं, असं समजून ती गेली.”

साडू उठले. पट्टी वर केली. झडपा उघडून जागेवर आले.

बराच वेळ काही नाही.

मग खिडकीपाशी लुगडे सळसळले. आणि बाईचा आवाज, दबलेला, भीत भीत विचारणारा...

“लावू का?”

घड्याळजी उभे राहिले. ओठ हलले. झडप मिटू लागली. अर्धी. पाऊण...

“दिवा.” म्हाताऱ्याचा स्वर फुटला. “अगं, दिवा लाव म्हणालो होतो मी.”

झडप थांबली.

कोणीतरी श्वास आत ओढला. तो सोडल्याचे मात्र ऐकू आले नाही. हळूहळू दोन्ही झडपा मागे गेल्या, पार भिंतीला टेकेपर्यंत. घड्याळजींनी दिवा लावला, खिडकीत ठेवला. दोघे उजाडेपर्यंत खाली माना घालून बसले. वर पाहण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही.

सकाळी साडू हत्यारांची पिशवी न उघडताच निघाले. जाताना पाहतात, तो म्हातारा काचेपाशी उभा, नुसता पाहत. काचेच्या बाहेरच्या अंगाला कपाळ टेकल्याचा ठसा होता. रस्त्यापासून दोन पुरुष उंच ती खिडकी. खाली पाय ठेवायला वीतभर जागा नाही.

आणि त्याच्या अगदी समोर, काचेच्या आतल्या अंगाला, दुसरा ठसा. जरासा खाली, मध्ये कुंकवाचा पुसट डाग.

बाळांनो, तुमच्यापैकी प्रत्येकाची घरी कोणी वाट पाहत असो, आणि वाट पाहणाऱ्या प्रत्येक घरी त्याचे माणूस सुखरूप पोहोचो. तो विश्वंभर तुमच्या घरादारावर कृपेची सावली धरो. जा, निजा आता.