अकरा आणि तेराच्या मध्ये

तो मोबाईल उलटा ठेव, चिन्मय. तोंडावर उजेड पडला की मला बोलायला सुचत नाही. आणि सावनी, तू जरा तिकडे सरक, मला भिंतीला टेकू दे. दाराकडे पाठ करून मी बसत नाही. का ते विचारू नकोस. उद्या तुम्ही पाहुण्यांना निझव्याला नेताय, अंधार पडल्यावर जुनं गाव पायी फिरवणार म्हणताय, म्हणून सांगतोय. नाहीतर इथे ओमानात, सीबमध्ये एकतीस वर्षं काढली, पण हे मी कुणाजवळ बोललेलो नाही.

घडलं ते आमच्या धनंजयच्या बाबतीत. देवरूखचा, माझ्याच वाडीतला. सात वर्षं माझ्या रूमवर राहिलाय. कपोलकल्पित काही रचायचं म्हणजे डोकं लागतं, ते त्याला नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. पुण्या-मुंबईचे ग्रुप ओमान बघायला येतात ना, त्यांना मराठीतून सगळं दाखवायचं, जेवणखाण बघायचं, हे त्याचं काम.

आता आपल्या मराठी ग्रुपची एक रीत असते. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला नंबर देतात. कुठेही थांबलं की ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. एक, दोन, तीन, चार. शाळेतल्यासारखं. लोक हसतात, पण माणूस हरवत नाही.

हे घडलं त्या ग्रुपात नावं होती एकवीस. अकरा नंबर विद्याकाकू. पुण्याच्या, सदुसष्ट वर्षांच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. बारा नंबर त्यांचे मिस्टर. दोघांचं बुकिंग दिवाळीतच झालेलं. आणि निघायच्या आधी अडीच आठवडे, दोन जानेवारीला, ते गेले. मुली म्हणाल्या, आई, जाऊ नकोस. बाई ऐकेनात. मस्कत एअरपोर्टवर उतरल्या त्या धनंजयला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बारा नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नकोस रे. मोकळा राहू दे.”

ह्याला भरून आलं. हो म्हणाला. मग तीन दिवस तो ग्रुप तसाच मोजायचा. दहा, अकरा... मग सगळे क्षणभर थांबायचे... मग तेरा. काकू तेवढ्यापुरती मान खाली घालायच्या. मिस्टर गेले हे त्यांनी स्वतःच्या तोंडून एकदाही म्हटलं नव्हतं. “हे आले नाहीत,” एवढंच म्हणायच्या.

मायेनं केलं त्यानं, मान्य. पण मला विचाराल तर करायला नको होतं. जागा रिकामी ठेवायची आणि दिवसातून दहा वेळा तिच्यापाशी थांबायचं... कोण ऐकतंय ते आपल्याला माहीत असतं का?

चहा आणतेस? नको, राहू दे. बस इथेच.

तर तारीख तेवीस जानेवारी, साल दोन हजार पंचवीस, गुरुवार. शुक्रवारी सकाळी निझव्याला बकऱ्यांचा बाजार भरतो, तो बघायचा म्हणून ग्रुप गुरुवारी तिथे मुक्कामाला. हॉटेल गावाबाहेर. जेवणाला वेळ होता, तेव्हा धनंजय म्हणाला, चला, तासभर जुनं गाव पायी बघू. सव्वासहाला बस किल्ल्याजवळ लावली. सूर्यास्ताची, मगरिबची नमाज होऊन गेली होती. हवा छान गार. कुणी शाली घेतल्या, कुणी खजूर खात निघाले.

पहिली मोजणी वेशीच्या दरवाजात. दहा, अकरा... तेरा. बरोबर. दुसरी पाण्याच्या पाटापाशी. तीही बरोबर.

मग आतल्या गल्ल्या लागल्या. तुम्ही पुढची बाजू बघितली आहे, जिथे आता हॉटेलं झालीत, दिवे लावलेत. हा त्याच्या मागचा भाग. मातीची घरं, छपरं बसलेली, गल्ली एवढी अरुंद की दोन माणसं शेजारी चालली की खांदे घासतात. सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च लावले. एका मोडक्या दालनासमोर धनंजयनं ग्रुप थांबवला. निझवा म्हणजे विद्येचं गाव, पूर्वी लांबलांबून मुलं इथे शिकायला यायची, या खोल्यांत राहायची. त्यातली काही परत घरी गेलीच नाहीत, तापानं इथेच संपली, असं त्यानं सांगितलं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. गाइड लोक थोडं पदरचं घालतात.

सांगून झाल्यावर म्हणाला, “चला, नंबर बोला.”

आठ. नऊ. दहा.

“अकरा,” काकू म्हणाल्या.

“बारा.”

...

तेरा नंबर केयूर म्हणून मुंबईचा इंजिनिअर होता. त्याच्या तोंडून तेरा फुटेना.

“कोण बोललं ते?” धनंजय चिडला. “असली चेष्टा करतात होय?” जो तो दुसऱ्याच्या तोंडावर टॉर्च मारायला लागला. सगळ्यांचे चेहरे पांढरे. चेष्टा करणाऱ्याचा चेहरा कळतो रे. तसा एकही नव्हता. काकू तेवढ्या मागे वळून गल्लीत बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर... धनंजय म्हणतो, आनंद होता.

“काका, पण wait,” म्हणजे काय चिन्मय? बोल. हं. बारा हा आकडा तिथे कुणी उच्चारलाच नव्हता, मग त्या आवाजाला कळला कसा?

...

पुढचं ऐक.

धनंजयनं पुन्हा मोजलं. या वेळी मध्ये कुणी बोललं नाही. “यल्ला, बसकडे,” म्हणाला आणि झपाझप निघाला. पुढे राहिला, हीच चूक. शेवटी राहायला हवं होतं. वळणं घेत घेत एका चौकापाशी आला. सात वाजून दहा मिनिटं. उभ्या उभ्या मोजायला लावलं.

नऊ. दहा.

...

अकरा आलंच नाही.

“काकू?”

...

“बारा.”

लांबून. मागच्या गल्लीतून. सावकाश म्हटलेलं, घसा कोरडा असल्यासारखं.

दोन बायका रडायला लागल्या. धनंजयनं केयूरला सांगितलं, “सगळ्यांना भिंतीला टेकून उभं कर. कुणी हलायचं नाही, नंबर बोलायचा नाही.” आणि एकटा मागे पळाला. मला म्हणाला, भिकाजीदा, मला भुताचं भय नाही वाटलं तेव्हा. मला एवढंच दिसत होतं की पुण्याच्या दोन मुलींना मी फोनवर काय सांगू? तुमचे बाबा गेले त्याच महिन्यात तुमची आई मी इथे घालवली, असं सांगू?

हाका मारल्या. “काकू! विद्याकाकू!” उत्तर नाही. तिथे प्रत्येक गल्ली सारखीच. डावीकडे जावं की उजवीकडे? टॉर्चमध्ये नुसती माती आणि दारांची भोकं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग त्यानं ते केलं, जे मी जन्मात केलं नसतं.

तो ओरडला, “अकरा!”

...

“बारा.” उजवीकडून.

धावला. पुन्हा, “अकरा!”

“बारा.” जवळून.

“अकरा!”

...

या वेळी उत्तर ओरडून आलं नाही. हळू आलं. समोरच्या दारातून.

आत शिरला. छप्पर नाही. वर चांदणं नाही. मधोमध जुनी विहीर, कोरडी. कठडा पडलेला. आणि काठावर काकू. पाऊलभर अंतर. धावून त्यांचा डावा हात मनगटाशी धरला.

त्या वळल्या नाहीत.

“काकू, चला.”

“आवाज ह्यांचा नाही रे, धनंजय.”

“मग आलात कशाला?”

“आधी वाटलं, हेच. इथे आल्यावर कळलं. चव्वेचाळीस वर्षं ऐकलाय ना मी. पण तोवर त्यानं... हात धरला.”

धनंजयनं टॉर्च फिरवला. डावा हात त्याच्या हातात. उजवा हात... पुढे. विहिरीवर. सरळ ताणलेला. बोटं मिटलेली, कुणाच्या तरी हातात असावीत तशी.

पलीकडे काही नव्हतं.

त्यानं ओढलं. तिकडूनही ओढ बसली. काकू कळवळल्या. पुन्हा ओढलं. त्यांची चप्पल घसरली, माती सुटून खाली गेली... पडल्याचा आवाज आला नाही.

तेव्हा काकू बोलल्या. बँकेच्या काउंटरवर बोलतात तसं, स्पष्ट.

“माझे मिस्टर गेले. दोन जानेवारीला गेले. पुण्याला, घरी, पहाटे. मी शेजारी होते. मी स्वतः बघितलं. बारा नंबर आता नाही. कुणीच नाही तिथे.”

...

हात सुटला. दोघं मागे आपटले.

आणि मग त्या रडल्या. एकवीस दिवसांत पहिल्यांदा. धनंजय म्हणतो, आई गेली तेव्हा मी जसा रडलो तशा रडल्या. त्यांना धरून कसाबसा चौकात आला. ग्रुप भिंतीला चिकटून होता, एकही हललेला नव्हता. सगळे एकमेकांचे हात धरून बसपर्यंत आले. पावणेआठ वाजले होते.

बस सुरू व्हायच्या आधी काकू उभ्या राहिल्या. डोळे पुसले. म्हणाल्या, “आता ओळीनं मोजा. मध्ये जागा नको. केयूर, तू बारा.” केयूर घाबरला, पण बोलला. सगळे एकेक नंबर मागे आले. अकरा, बारा, तेरा, न थांबता, वीसपर्यंत. वीस माणसं, वीस नंबर. नंतर कुणाचाच आवाज आला नाही. धनंजयनं देवाचं नाव घेतलं आणि ड्रायव्हरला निघ म्हणाला. हॉटेल वीस मिनिटांवर होतं.

आता बाई सुखरूप आहेत, सावनी. एवढंसं तोंड करू नकोस. त्याच आठवड्यात घरी गेल्या, धनंजयला अधूनमधून फोन करतात. त्यानं मात्र ते काम सोडलं. तिकडे समुद्रकाठी सूर गावात एका हॉटेलच्या किचनमध्ये असतो आता, माणसं मोजायला लागत नाहीत तिथे. “छान झालं की मग,” असं मी म्हटलं, तेव्हा त्यानं मला शेवटचं सांगितलं. काकूंना ते अजून सांगितलेलं नाही.

सगळे उतरून गेल्यावर तो रिवाजाप्रमाणे बसमध्ये एक फेरी मारायचा. कुणाचा चष्मा राहतो, कुणाचा फोन. टॉर्च घेऊन सीट बघत बघत तो काकूंच्या सीटपाशी आला. त्या खिडकीला बसल्या होत्या. शेजारची सीट रिकामीच होती, सगळ्यांनी बघितलेली.

त्या रिकाम्या सीटच्या पुढे, खाली, मातीचे दोन ठसे होते.

अनवाणी पावलं. ओली माती. मातीत काड्यांचे तुकडे, जुन्या भिंतींच्या गिलाव्यात असतात तसले. मधल्या वाटेवर एकही ठसा नाही. पायऱ्यांवर नाही. दोनच, शेजारी शेजारी.

माणूस बसला की पावलं पुढे असतात, बरोबर?

ही आडवी होती. खिडकीकडे तोंड करून. वीस मिनिटं कुणीतरी काकूंच्या अगदी जवळ उभं राहून... त्यांच्याकडे बघत होतं.